डब्यात राहिलेलं नाव

रिसोडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत छापखानेवाल्या वर्षाराणीच्या हातचा मार खाल्ला नाही असा कागदवाला, शाईवाला किंवा गिऱ्हाईक शोधून सापडला नसता. बाई बेचाळीस वर्षांची, अंगानं काटकुळी, पण हात फार लवकर सुटायचा. स्टेपलर फेकून मारणं हे रोजचं. एका नवरदेवाच्या मामानं प्रूफ न वाचताच खाली सही ठोकली, तर त्याच्याच छत्रीनं झोडपत तिनं त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं होतं. नवऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हात उचलला, तेव्हा पोळपाट त्याच्या डोक्यात घातला आणि त्याला टाके पडायच्या आत माहेरची बस धरली. ती परत गेली नाही, तोही न्यायला आला नाही. त्या माणसाला अक्कल उशिरा आली, पण आली, असं गल्ली म्हणायची.

तरी लग्नपत्रिका छापायची म्हटली की पंचक्रोशी तिच्याकडेच यायची. बावीस वर्षांत तिच्या छापखान्यातून एकही नाव चुकून गेलं नव्हतं. काना, मात्रा, मानपान, कुणाच्या खाली कोण, सगळं जागच्या जागी. पत्रिका म्हणजे घराण्याचा नकाशा असतो आणि नकाशात चूक झाली की इकडे माणसं कुऱ्हाडी काढतात, हे तिला अकराव्या वर्षीच कळलं होतं.

तिचा बाप जगदेव शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचा. एका पत्रिकेत त्यानं जित्याजागत्या आजोबाच्या नावाआधी 'कै.' लावलं. आजोबाची दोन मुलं दुपारी दुकानात आली. एकानं जगदेवचा उजवा हात धरून ट्रेडल मशीनच्या जबड्यात घातला आणि दुसऱ्यानं पायटा दाबला. तीन बोटं चपटी झाली. पोरगी शाईचा डबा धरून शेजारी उभी होती, तिच्या फ्रॉकवर उडाली ती शाई नव्हती. जगदेवनं पोलिसात तक्रार दिली नाही. चूक माझी होती, एवढंच तो म्हणाला आणि डाव्या हातानं खिळे जुळवायला शिकला. पुढे पोरीला शिकवताना एका चुकलेल्या अक्षराला खिळे जुळवायच्या लोखंडी स्टिकचा एक फटका बोटांवर, असा त्याचा हिशेब होता. त्यानं तिला मारलं ते मायेपोटीच, असं कोणी म्हणेल. वर्षाराणी तसं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, बापानं मला भ्यायला शिकवलं.

खिळे गेले, कॉम्प्युटर आला. बापाच्या मागं वर्षाराणीनं मिनी ऑफसेट घेतलं. तिची सगळी मराठी अक्षरं, वेलबुट्ट्या, गणपती जुन्या विंडोजवर होते. नव्या विंडोजवर तेच फॉन्ट उघडले की अक्षरांची नुसती खिचडी व्हायची. जुना कॉम्प्युटर धाप टाकायला लागला, त्यात गिऱ्हाइकं येत ती रोगट पेनड्राइव्ह घेऊन. आठवड्याला एक व्हायरस. शेवटी दिवाळीला तिचा मावसभाऊ बबलू आला, पुण्याला कंपनीत असतो तो. त्यानं एक सेकंडहँड दणकट कॉम्प्युटर आणला, त्यावर लिनक्स नावाची वेगळी सिस्टीम टाकली आणि लिनक्सच्या पोटात एका कंटेनरमध्ये तिचं जुनं विंडोज फॉन्टांसकट बसवून दिलं.

"कंटेनर म्हंजे ते समृद्धीवरून जातात ते?" तिनं विचारलं होतं.

"तसाच डबा समज ताई. डब्याच्या आत विंडोज हाये. पन त्या येड्याले वाटते का आपुनच पुऱ्या मशीनचे मालक हावो."

ही गोष्ट तिला भारी आवडली. असे पुष्कळ पुरुष तिनं पाहिले होते.

डब्याची खुबी अशी, की संध्याकाळी बंद केला की आत दिवसभर जे काही झालं ते साफ. सकाळी चालू केला की विंडोज पहिल्या दिवसासारखं कोरं, व्हायरस नाही, कचरा नाही. जे ठेवायचं असेल ते 'बाहेर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. ते डब्याबाहेर, खऱ्या मशीनवर राहायचं. बबलूनं जाताना तीनदा बजावलं, "आत ठेवलेलं उद्या नाही, ताई. बाहेर ठेव." तिनं मान डोलावली. पाच महिने एकदाही चुकली नाही.

मार्चमध्ये अमरसिंग आला. रिसोडपासून अकरा किलोमीटर आत त्याचं गाव. पोरगी चंदा हिचं लग्न अनसिंग गावच्या मुलाशी ठरलं होतं. पत्रिकेचा मजकूर त्यानं लिहूनच आणला होता. वर्षाराणीनं तो जुळवून घेतला, फाइल बाहेर ठेवली, प्रूफाची एक प्रत पाकिटात घातली. निमंत्रकाच्या जागी अमरसिंगचं एकट्याचं नाव होतं.

"थोरल्या भावाचं नाव?" तिनं विचारलं, कारण ते विचारणं तिचं कामच.

"नाही टाकायचं," अमरसिंग म्हणाला आणि शर्टाची कॉलर बाजूला करून खांद्याची वाकडी जुळलेली हाडं दाखवली. थोरला मदनसिंग. बांधावरच्या बाभळीवरून तीन वर्षांपूर्वी त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं हा खांदा मोडला होता. अमरसिंगनं त्याच सांजेला त्याचा बैल पेटवायला काढला होता, लोकांनी धरलं म्हणून बैल वाचला. एका भिंतीला पाठ लावून दोन घरं, तीन वर्षं एकमेकांशी बोलणं नाही. हे असले भाऊ. मेल्यावर खांदा द्यायला एकमेकांचाच लागतो, तरी जितेपणी खांदे मोडतात.

त्यांची माय रामीबाई, ऐंशीच्या घरातली. तिनं चंदाच्या लग्नाचं ऐकलं आणि अन्न सोडलं. दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर बसली, पाणी तेवढं प्यायची. थोरल्याचं नाव पत्रिकेत पहिलं येईल तर जेवीन, नाहीतर मंडप माझ्या मढ्यावर घाला, म्हणाली. चौथ्या दिवशी मदनसिंग स्वतःच्या घरातून उठला, अमरसिंगच्या दारात जाऊन उभा राहिला. अमरसिंगनं पाट मांडला. एवढ्यानं झालं. दुसऱ्या दिवशी तिघं जीपनं रिसोडला छापखान्यात.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं पडद्याकडे बोट केलं.

"कुठं हाय माहा मदन? मले दिसत नाही. मोठा कर."

आता मूळ फाइलीत अक्षर मोठं केलं तर सगळी मांडणी विस्कटली असती. म्हणून वर्षाराणीनं फाइलीची एक प्रत समोरच्या, डब्यातल्या डेस्कटॉपवर काढली, त्यात निमंत्रकाच्या जागी 'श्री. मदनसिंग' पहिलं टाकलं आणि म्हातारीसाठी ते भाकरीएवढं मोठं केलं. रामीबाईनं पडद्यावर हात फिरवला. मदनसिंग, सहा फुटी, मिशीवाला, वळून भिंतीकडे पाहायला लागला. त्याच्या पाठीवर अमरसिंगनं हात ठेवला, म्हणजे ठेवल्यासारखं केलं. वर्षाराणीला गलबलून आलं की राग येतो, म्हणून ती डबे घेऊन आलेल्या शाईवाल्यावर ओरडली.

त्याच प्रतीत अक्षर पुन्हा लहान केलं, बाकी दुरुस्त्या केल्या, प्रूफ काढलं. मदनसिंगनं सही केली आणि प्रूफ परत देईना. गावात दाखवायचं म्हणाला, घडी करून खिशात घातलं. शाईवाल्याशी तिचं भांडण तसंच चालू होतं. सहा वाजता तिनं डबा बंद केला.

सकाळी डबा कोरा. तिनं 'बाहेर' उघडलं, फाइल तिथं होती, फाइलीचं नावही तेच. पाकिटातलं प्रूफ काढून ताडून पाहिलं, अक्षर न् अक्षर जुळलं. जुळणारच. दोन्ही जुनी होती. नवं प्रूफ मदनसिंगच्या खिशात गावभर फिरत होतं. तिनं सातशे पत्रिका छापल्या, बांधल्या आणि पाठवून दिल्या. पार्टीनंही गठ्ठा उघडून पाहिला नाही. वर्षाराणीचं काम काय पाहायचं?

पहिली पत्रिका देवाला, दुसरी थोरल्याच्या घरी कुंकू लावून. मंगळवारी सकाळी साडेदहाला तिचा फोन वाजला. अमरसिंगची बायको ललिताबाई होती.

"वर्षाताई, भासऱ्याचं नाव काहून नाही पत्रिकेत? जाऊबाई विचारून राह्यल्या. ते शेतातून येऊन राह्यले."

वर्षाराणीनं फोन कानाला तसाच ठेवून 'बाहेर' उघडलं. पाहिलं. डेस्कटॉपवर पाहिलं, तिथं काही नव्हतं. त्याच क्षणी तिला सगळं कळलं, प्रतीसकट, मोठ्या अक्षरासकट, शाईवाल्यासकट. तेव्हा तिनं 'चूक माझी' असे दोन शब्द बोलायला हवे होते. ललिताबाईनं ते धावत जाऊन भासऱ्याला, म्हणजे मदनसिंगला, सांगितले असते. पण बावीस वर्षांत ते शब्द तिच्या तोंडून गेले नव्हते. तिच्या डोळ्यापुढं ट्रेडलचा जबडा आला.

"पाहून सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अमरसिंग अंगणात हळदीच्या ढोलाजवळ होता. उकडून वाळवलेली हळद ढोलात घालून घोळायची, मग तिला चकाकी येते, ते काम चाललं होतं. मदनसिंग आत आला तेव्हा ढोलाच्या खडखडाटात कुणाला त्याची चाहूल लागली नाही. एका हातात पत्रिका, एका हातात कुऱ्हाड. खिशातलं प्रूफ त्यानं काढलं आणि दोन्ही कागद भावाच्या तोंडावर फेकले.

"वाच."

अमरसिंगनं वाचलं. ललिताबाईनं पुढे पोलिसांना सांगितलं, की नवऱ्याला खरोखर काही समजेना, तो पत्रिका उलटून मागे पाहत होता.

"दादा, मले नाही मालूम."

"मायपुढं टाकलं अन् मांगून काढलं. गावभर मले हा कागद दाखवत फिरवलं तुनं. हासले असन ना घरात बसून?"

पहिला घाव त्याच मोडक्या खांद्यावर बसला. अमरसिंगनं दांडा धरला, हातात दुसरं काही घेतलं नाही. ललिताबाई मध्ये पडली, तिच्या डाव्या हाताची दोन बोटं हळदीत पडली. तिसरा घाव मानेवर. ढोल फिरतच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. जीपमध्ये घातलं तेव्हा अमरसिंग डोळे उघडून होता. रिसोड यायच्या आधी गेला. मदनसिंग अंगणातच बसून राहिला आणि पोलीस आल्यावर हात पुढे करून उभा राहिला.

वर्षाराणीला साडेबाराला कळलं. तिनं शटर अर्धं ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ललिताबाईचा भाऊ रामधन दोन माणसं घेऊन दुकानात आला. दारातच त्यानं लोखंडी सळईनं काउंटरची काच फोडली. एकानं शाईचे डबे भिंतीवर आपटले. रामधननं तिला केसांना धरून ऑफसेटवर वाकवलं. वर्षाराणीच्या हाताला कागद कापायच्या यंत्राची पट्टी लागली, ती तिनं मागे न पाहता फिरवली. रामधनची भुवई फाटली, पण पकड सुटली नाही.

"कोनाच्या सांगन्यावरून नाव काढलं? मदननं पैसे देल्ले तुले? झगडा लावासाठी?"

त्यानं तिचा उजवा हात धरून रोलरांपाशी नेला. त्याला जगदेवची गोष्ट ठाऊक नव्हती. असल्या माणसांना ते आपोआप सुचतं.

"पार्टीनं सांगितलं तसं छापलं," ती म्हणाली.

"पार्टी म्हंजे कोन?"

"पत्रिका कोनाची व्हती?"

रामधनचा हात सैल पडला. छापखान्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, एवढं त्यालाही माहीत होतं. पत्रिका अमरसिंगची. म्हणजे आपल्याच मेव्हण्यानं मायच्या तोंडावर नाव टाकून घेतलं आणि मागून गुपचूप काढायला लावलं. तो काचांमध्येच खाली बसला, भुवईचं रक्त पुसत राहिला आणि मग माणसांना घेऊन निघून गेला. संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तेच वाक्य तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पार्टीने सांगितल्याप्रमाणे छापले. तिनं खाली सही केली. तिचे हात शाबूत राहिले, मशीन शाबूत राहिलं, बावीस वर्षांचं नावही शाबूत राहिलं. गेलेल्या माणसाच्या अंगावर खोटेपणाचा डाग बसला. त्याला काय, तो थोडाच उठून बोलणार होता. असं ती स्वतःला दोन-तीन दिवस सांगत राहिली आणि त्या दिवसांत तिनं गल्लीत कुणालाही शिवी दिली नाही. गल्लीला त्याचीच भीती वाटली.

अकराव्या दिवशी गावातला एक माणूस मजकूर घेऊन आला. अमरसिंगच्या तेरवीची कार्डं छापायची होती, परवा तेरवी. वर्षाराणीनं कागद घेतला. 'शोकाकुल'खाली ललिताबाई, चंदा, पुतणे, भाचे. वर्षाराणीची नजर सवयीनं पहिल्या ओळीवर गेली.

"मायचं नाव राह्यलं," ती म्हणाली. "रामीबाई. ते पहिलं पाह्यजे."

"राह्यलं नाही, म्हातारीनंच काढाले लावलं. म्हनते, माह्या तोंडावर लबाडी केली त्यानं, सोता मेला अन् भावाले फाशीवर चढवलं. त्याच्या तेरवीले मी बसत नाही, घासबी खात नाही. दहाव्यालेबी नाही बसली ती."

त्या माणसाला अजून काही सांगायचं होतं, पण वर्षाराणीनं कागद त्याच्या हातात परत कोंबला आणि त्याला बाहेर काढलं. मग खुर्चीवर बसली. चार दिवस उपाशी बसून म्हातारीनं दोन पोरं एका कागदावर आणली होती. आता त्यातलं मेलेलं पोर तिच्या लेखी लबाड होतं, आणि तसं ते आपल्याच एका वाक्यानं झालं होतं. वर्षाराणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या वेळी मारायला समोर कुणी नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी तिनं कॉम्प्युटरचं मशीन चादरीत गुंडाळलं, मॉनिटर मांडीवर घेतला आणि रिक्षा करून अकरा किलोमीटर गेली. वाटेत रिक्षावाल्यानं विचारलं, दुरुस्तीला का. ती हो म्हणाली.

अंगणात रामधन होता. तिला पाहून तो उठला. भुवईवर टाके होते.

"मले म्हातारीशी बोलायचं हाय," वर्षाराणी म्हणाली. "मंग तुले काय करायचं ते कर."

रामीबाई मधल्या ओट्यावर बसली होती, तिथंच, जिथं उपाशी बसली होती. वर्षाराणीनं घरातून वायर ओढून मशीन ओट्यावर लावलं. ललिताबाई हाताला पट्टी बांधून दारात उभी राहिली. चार माणसं जमली. वर्षाराणीनं डबा चालू केला, विंडोज उघडलं आणि मोकळ्या पानावर भाकरीएवढ्या अक्षरात लिहिलं.

"हे काय हाय माय?"

म्हातारी वाकली. अक्षर येत नसलं तरी त्या दिवशीचा आकार तिच्या डोळ्यांत होता. "मदन," ती म्हणाली.

"इथं ठेवते." वर्षाराणीनं ते डेस्कटॉपवर ठेवलं, सगळ्यांना दाखवलं. "आता हा डबा बंद करते. रोज सांजेले करते तसा." पडदा काळा झाला. "आता सकाळ झाली." पुन्हा चालू केला. निळं आकाश, हिरवी टेकडी, कोरं. "पाह्य कुठं हाय मदन."

रामीबाईनं पडदा चाचपला, जसा भांड्याचा तळ चाचपावा.

"गेला कुठं?"

"कुठंच नाही. डब्यात ठेवलेलं सकाळी राह्यत नाही. बाहेर ठेवा लागते. त्या दिवशी मी बाहेर ठेवायचं विसरली. दुसऱ्या दिवशी जुनी फाइल छापली."

"मंग अमरनं नाही काढलं?"

"नाही."

"तू तं बोलली व्हती, पार्टीनं सांगितलं."

"खोटं बोलली. भेली मी. फोन आला तवाच मले समजलं व्हतं, तवाबी नाही बोलली."

एक गोष्ट तिनं सांगितली नाही. अक्षर मोठं करायला कुणी लावलं, म्हणून प्रत डेस्कटॉपवर निघाली, ते तिनं गिळलं. तेवढं पाप आपल्या माथी राहू दे, असं तिला वाटलं, आणि तिच्या आयुष्यातलं ते बहुधा सगळ्यात मऊ काम असावं.

इतक्या साध्या गोष्टीनं माणूस मेला हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. बांधासाठी मेला असता, बाईसाठी मेला असता तर समजलं असतं. मग दारातून ललिताबाईचा आवाज आला, हुंदक्याशिवाय, कोरडा. "मी फोन केला व्हता. दहा मिनिटं व्हती."

रामधननं आधी मशीन उचललं. डोक्यावरून नेऊन दगडी पायरीवर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. डब्याबाहेरचंही सगळं त्यातच होतं, तिनं जमवलेली झाडून सगळी नावं. मग त्यानं सळई घेतली. पहिला तडाखा वर्षाराणीच्या पाठीवर बसला, दुसरा आडव्या धरलेल्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती ओरडली नाही. तिसऱ्यासाठी सळई वर गेली तेव्हा रामीबाई ओट्यावरून उतरली.

"तू नाही," ती रामधनला म्हणाली. "तुहा कोन मेला? मेव्हना. सरक."

आणि तिनं स्वतः मारायला सुरुवात केली. पायातली चप्पल, मग नुसते हात, मग नखं. ऐंशी वर्षांची बाई, पण तिनं जन्मभर हळद खणली होती. वर्षाराणीचा ओठ फुटला, कानातलं डूल तुटून पाळी चिरली. ती गुडघ्यावर बसली आणि चेहरा वर धरून राहिली, म्हातारीला वाकावं लागू नये म्हणून. मारता मारता म्हातारी एकच बडबडत होती, "माहा अमर लबाड नव्हता. माहा अमर लबाड नव्हता." ललिताबाईनं तिला मागून धरलं तेव्हा कुठं थांबली. मग तिथंच मातीत बसली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा पोराच्या नावानं रडली. इतकं रडली की भिंतीपलीकडून थोरली सूनही बाहेर आली आणि दोन्ही सुना तिला दोन बाजूंनी धरून बसल्या.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मदनले कोन सांगनार?"

"मी जाते," वर्षाराणी म्हणाली. "पोलिसायलेबी सांगते, लिहून देते."

"पोलिसायले तू सांग. मदनले मी सांगते." म्हातारी उठायला लागली. "म्या पैदा केला, मीच मारते त्याले."

दुसऱ्या दिवशी तेरवी. सकाळच्या पहिल्या जीपनं दोघी वाशिमला गेल्या, एक हात गळ्यात बांधलेली बेचाळीस वर्षांची आणि तिच्या खांद्याला धरून चालणारी ऐंशीची. वर्षाराणीनं आधी पोलिसांकडे जाऊन नवा जबाब लिहून दिला. जुना जबाब खोटा होता असं स्वतःच्या हातानं लिहिलं, डाव्या हातानं. मग जेलात मुलाखतीच्या जाळीपाशी गेल्या. मदनसिंग आला. त्याच्या चेहऱ्यावर राग अजून होता. तो राग हाच बारा दिवस त्याचा आधार होता, हे कुणालाही दिसलं असतं. आपण मारलं ते बरोबर मारलं, या एका गोष्टीवर तो उभा होता.

रामीबाईनं जाळीला तोंड लावलं.

"अमरनं तुहं नाव नाही काढलं रे. हिच्या मशीनीत राह्यलं. त्याले मालूमबी नव्हतं."

मदनसिंगनं वर्षाराणीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. तो काही विचारेल असं तिला वाटलं, तिनं उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यानं विचारलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी जाळी धरली आणि कपाळ गजावर आपटलं. एकदा, दोनदा, लाकूड फोडावं तसं मोजून. तिसऱ्यांदा कपाळ फुटलं आणि रक्त मिशीत उतरलं. दोन शिपायांनी त्याला मागून धरलं, तरी तो दोघांचा भार घेऊन पुढे येत होता आणि तोंडातून नुसतं 'अमऱ्या, अमऱ्या' निघत होतं. शिपाई म्हातारीवर ओरडला, त्याला आवर म्हणून. जाळीतून दोन बोटं आत घालून रामीबाई उभी राहिली, आणि त्याला ओढून आत नेईपर्यंत तिनं नजर काढली नाही.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. वर्षाराणीला वाटलं म्हातारी वाटेतच जाणार, इतकी ती हलकी झाली होती. रिसोड आलं तशी रामीबाईनं विचारलं, किती वाजले. सव्वाबारा, वर्षाराणी म्हणाली.

"रिक्षा कर. पंगत बसन."

अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. रामीबाई कुणाला काही न विचारता पहिल्या पानावर जाऊन बसली, घरातल्या मोठ्या माणसानं बसायचं तिथं. ललिताबाईनं पट्टी बांधलेल्या हातानं तिला वाढलं. म्हातारीनं अमरसिंगचं नाव मोठ्यानं घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. मग शेजारच्या रिकाम्या पानावर हात आपटून तिनं वर्षाराणीला बसायला सांगितलं. रामधन वरणाची बादली घेऊन येत होता. तो थांबला. मग त्यानं तिच्याही पानात वाढलं.